नाशिकच्या बागेसाठी काटक गुलाब: भाद्रपदात पाहा, दसऱ्यानंतर लावा

गुलाबाचं रोप घेताना नजर जाते ती फुलावर. मीही कितीतरी वर्षं फूल पाहूनच रोप उचलत आले. नाशिकमध्ये मखमलाबादला राहायला आलो त्या वर्षी जूनमध्ये अकरा रोपं आणली. प्रत्येकावर एक टपोरं फूल, प्रत्येकाचा रंग वेगळा. श्रावण लागला तसे पानांवर काळे ठिपके पडले, गणपती येईपर्यंत बहुतेक झाडांच्या नुसत्या काड्या राहिल्या आणि पुढच्या मे महिन्यात त्यातली आठ वाळून गेली. त्याच कुंपणाच्या कोपऱ्यात सासूबाईंनी लावलेला गावठी गुलाब होता. त्याला ना खत, ना फवारणी, ना वेळेवर पाणी. तो मात्र पावसात हिरवा, उन्हाळ्यात हिरवा आणि वर गुलकंदापुरत्या पाकळ्याही देणारा.

ह्या दोघांत फरक कशाचा, हे शोधता शोधता मी गुलाब शिकले. फरक जातीचा होता, खुंटाचा (म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम केलेलं असतं त्या खालच्या झाडाचा) होता आणि लावायच्या वेळेचा होता. मुघल काळात ज्या नाशिकला गुलशनाबाद म्हणत, तिथल्या अंगणात दर पावसाळ्यात गुलाबाच्या काड्या व्हाव्यात ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आपल्याकडे काटक कशाला म्हणायचं

परदेशी पुस्तकांत आणि व्हिडिओंमध्ये काटक गुलाब म्हणजे बर्फात तगणारा गुलाब. त्या याद्या आपल्या कामाच्या नाहीत. निफाडला पारा पाच अंशांवर आला की द्राक्षबागायतदार रात्रभर शेकोट्या पेटवतात, पण शेजारच्या अंगणातला गुलाब तेव्हा उलट खुशीत असतो. थंडी गुलाबाला मानवते. आपल्या हवेत त्याची परीक्षा दुसरीकडेच होते.

पहिली परीक्षा पावसाळ्याची. काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजायला पान सलग सात-आठ तास ओलं राहावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पान दिवसचे दिवस ओलंच असतं. पावसाच्या थेंबांबरोबर बुरशीचे बीजाणू खालच्या पानावरून वरच्या पानावर उडतात, ठिपक्याभोवतीचं पान पिवळं पडतं आणि गळतं. पानं गेली की झाडाचा स्वयंपाकच बंद. ते साठवणीवर जगतं आणि ऑक्टोबरला पोचतं तेव्हा रिकामं झालेलं असतं.

दुसरी परीक्षा एप्रिल-मेची. पारा चाळिशीला टेकतो, हवा कोरडी होते, पानांच्या मागे लाल कोळी जाळी विणतो आणि फुलकिडे कळीतच पाकळ्या खरवडतात. तिसरी परीक्षा मातीची. नाशिकची काळी माती सकस आहे, पण अनेक ठिकाणी तिच्यात चुनखडी असते आणि निचरा मंद असतो. चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, मग नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात.

चौथी परीक्षा लहान आहे, पण द्राक्षाच्या गावात तिची ओळख सगळ्यांना आहे: भुरी. दिवसा ऊबदार, रात्री गार, वर पाऊस नाही, अशा नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या हवेत कोवळ्या शेंड्यावर पांढरी पूड दिसते. द्राक्षावरची भुरी आणि गुलाबावरची भुरी ह्या दोन वेगळ्या बुरशी आहेत, एकीची लागण दुसऱ्याला होत नाही. पण दोघींना हवा सारखीच आवडते. म्हणून युरोपात द्राक्षाच्या ओळींच्या टोकाला गुलाब लावायची जुनी पद्धत आहे. गुलाबावर भुरी दिसली की बागायतदार सावध होतो.

आता तुम्ही जिल्ह्यात कुठे आहात ते पाहा. त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडे पाऊस धो धो, तिथे पहिली परीक्षा सगळ्यात कठीण. सिन्नर, येवला, चांदवडकडे पाऊस कमी, ऊन आणि चुनखडी जास्त, तिथे दुसरी आणि तिसरी. शहर ह्या दोहोंच्या मध्ये आहे, शहरातल्या गुलाबाला थोडं थोडं सगळंच सोसावं लागतं.

निवड भाद्रपदात करा

हे माझं सगळ्यात आवडतं पाऊल आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. गणपतीत आपण गल्लोगल्ली फिरतोच. तेव्हा मूर्तीबरोबर लोकांच्या अंगणातले गुलाबही बघा. तीन महिने पाऊस खाऊन झालेला असतो. ज्या झाडावर त्या वेळी खालपासून वरपर्यंत पानं आहेत, ते झाड आपल्या हवेत पास झालं. फुलं नसली तरी चालतील. ज्याच्या शेंड्याला चार पानं आणि खाली उघड्या काड्या, त्याचं फूल कितीही देखणं असो, ते सोडून द्या.

दार वाजवून विचारा. "काकू, हा गुलाब कुठला? किती वर्षं झाली लावून? फवारता का?" गुलाब लावणारी माणसं ह्या प्रश्नांवर खुलतात, मला तर दोनदा चहा मिळाला आहे. "दहा वर्षं झाली, काही करत नाही हो" असं उत्तर आलं की त्या गुलाबाचा फोटो काढून ठेवा, पानाचा आणि फुलाचाही. जातीचं नाव त्यांना बहुधा माहीत नसतं. रोपवाटिकेत फोटो दाखवला की जाणता माणूस ओळखतो.

मी स्वतःच्या गल्लीत असे चार गुलाब हेरले होते. त्यातले तीन आज माझ्याकडे आहेत.

कोणती जात घ्यावी

पहिलं नाव गावठी गुलाबाचं, ज्याला रोपवाटिकांत एडवर्ड म्हणतात. फिका गुलाबी रंग, सैलसर पाकळ्या, भरपूर सुवास. पूजेला, गुलकंदाला, गजऱ्याला हाच. फुलदाणीत दोन दिवसही टिकत नाही, पण झाडावर वर्षातले बरेच महिने काही ना काही असतंच. हा काडीवरून सहज लागतो, म्हणजे त्याची मुळं त्याची स्वतःची असतात. खाली खुंट आणि त्यावर भरलेला दुसऱ्या जातीचा डोळा असा दुहेरी संसार नाही. वरून वाळला तरी खालून जी फूट येते ती गावठीचीच. पहिल्यांदा गुलाब लावणाऱ्याने एक तरी रोप ह्याचं लावावं, असा माझा आग्रह आहे.

दुसरं नाव उच्चारायला अवघड: ग्रुस आन टेप्लिट्झ. १८९७ चा हा गुलाब रुडॉल्फ गेश्विंड ह्यांनी तयार केला, नावाचा अर्थ 'टेप्लिट्झ गावाला नमस्कार'. भारतीय उपखंडातल्या उन्हाला तो असा सरावला की अनेकांना तो देशीच वाटतो. गडद लाल फुलांचे झुबके, मसालेदार सुवास. देठ नाजूक असल्यामुळे फूल मान टाकतं, ते फुलदाणीसाठी घेऊ नका. कुंपणाच्या कडेने लावलेला शोभतो.

मोठ्या फुलांत, म्हणजे लांब देठाच्या आणि निमुळत्या कळीच्या गुलाबांत, नाशिकच्या उघड्या अंगणासाठी मी ग्लॅडिएटर पुढे करीन. १९५५ ची ही लाल जात महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी उघड्या शेतात वर्षानुवर्षं पिकवली आहे. उघड्या शेतात, पाऊस-ऊन अंगावर घेऊन, बाजारात विकण्याजोगं फूल जी जात देते, ती अंगणात तगणारच. रोपवाटिकेच्या पाटीवरच्या कौतुकापेक्षा हा पुरावा मला मोठा वाटतो.

क्वीन एलिझाबेथ १९५४ ची. गुलाबी, झुबक्यांत येणारी, उंच. पाच-सहा फूट सहज जाते, त्यामुळे तिला मागच्या ओळीत, भिंतीपासून दोन-अडीच फूट सोडून जागा द्या. पानं जाड आणि चकचकीत. अशी मेणचट, जाड पानं दिसली की मला त्या झाडाविषयी भरवसा वाटू लागतो, आणि आजवर तो भरवसा बहुतेक वेळा खरा ठरला आहे.

पांढऱ्यात आईसबर्ग. जर्मनीतल्या कोर्डेस ह्यांची १९५८ ची जात, काटे कमी, फुलं ढीगभर. पावसाळ्यात तिच्यावर काळे ठिपके येतात, हे आधीच सांगते. पण ती पानं टाकते तशी नवी पटकन आणतेही. सिन्नर किंवा निफाडच्या कोरड्या हवेत ती फारच सुंदर राहते. इगतपुरीला मी ती लावणार नाही.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेल्या जाती मिळाल्या तर जरूर घ्या: गुलाबी मृणालिनी, लाल भीम, झुबकेदार दिल्ली प्रिन्सेस. त्या दिल्लीच्या उन्हात निवडल्या गेल्या, म्हणून आपल्या मे महिन्याला घाबरत नाहीत. ह्या कामामागे डॉ. बी. पी. पाल होते. त्यांचं मूळ काम गव्हाला तांबेऱ्यापासून वाचवणाऱ्या जाती काढण्याचं. पुढे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ते पहिले महासंचालक झाले आणि गुलाब हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास राहिला. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या जातींची नावं 'अर्का'ने सुरू होतात, त्याही विचारून पाहा.

आता मोहात पाडणाऱ्यांविषयी. पिवळा गुलाब सगळ्यांना हवा असतो आणि पावसात पहिला तोच झडतो. त्याचं कारण त्याच्या कुळात आहे. गडद पिवळा रंग आधुनिक गुलाबात आला तो रोजा फीटिडा ह्या पश्चिम आशियाई गुलाबातून. फ्रान्समधल्या पेर्ने-ड्युशे ह्यांनी १९०० साली त्या संकरातून पहिला मोठा पिवळा गुलाब आणला, आणि रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांना बळी पडण्याचा स्वभावही आला. १९४५ ची प्रसिद्ध पीस घ्या किंवा दुसरी कुठली, पिवळा लावायचा तर एकच लावा आणि त्याला सकाळचं ऊन लवकर पडेल, पानं लवकर सुकतील अशी जागा द्या.

सुपरस्टारचा शेंदरी रंग डोळ्यांत भरतो, पण थंडीत तिच्यावर भुरी हमखास येते. पापा मेइयाँचा सुवास ज्याने घेतला तो विसरत नाही, मात्र तिच्या काळपट लाल पाकळ्या आपल्या उन्हात कडेने करपतात आणि झाड अशक्त राहतं. डबल डिलाइटचंही थंडीत भुरीमुळे तसंच. ह्या तिन्ही मी वाढवल्या आहेत, तिन्हींवर माझं प्रेम आहे. पहिल्या वर्षी त्या घेऊ नका, एवढंच.

गुलदस्त्यातल्या डच गुलाबांचं एक स्वतंत्र सांगते. दिंडोरीकडे जानोरी, मोहाडी भागात पॉलीहाऊसमध्ये जे गुलाब होतात, ते प्लास्टिकच्या छताखाली, पानावर पावसाचा थेंब न पडता, ठिबकमधून मोजून खत घेत वाढतात. टॉप सीक्रेट, ताजमहाल वगैरे जाती त्यासाठीच आहेत. वाढदिवसाच्या गुच्छातली काडी कुंडीत खोचून ती जगली, तरी पहिल्या पावसात तिचं अवघड होतं.

गॅलरी असेल तर बटन गुलाब. लहान फुलं, लहान झाड, दहा इंचांच्या कुंडीत खूश. उन्हाळ्यात लाल कोळ्यावर लक्ष ठेवावं लागतं, बाकी त्रास नाही.

खुंट विचारल्याशिवाय पैसे देऊ नका

बाजारातला बहुतेक गुलाब कलमी असतो. खाली एका रानटी गुलाबाचा खुंट आणि त्यावर हव्या त्या जातीचा डोळा भरलेला. जात वरची असते, पण मातीशी व्यवहार खुंट करतो. त्यामुळे काटक जात चुकीच्या खुंटावर आली तर ती काटक राहत नाही. माझ्या त्या अकरांपैकी काही जाती मुळात चांगल्या होत्या, हे मला नंतर कळलं. खालचा खुंट माझ्या चुनखडी मातीला चालणारा नव्हता.

म्हणून विचारा, "दादा, डोळा कशावर भरलाय?" ढोबळ हिशोब असा. मल्टिफ्लोरा ह्या खुंटाला पावसाळी, थोडी आम्ल माती आवडते. इगतपुरी-त्र्यंबककडच्या लालसर मातीत तो ठीक, चुनखडीत पिवळा पडतो. इंडिका ओडोराटा हा खुंट विम्ल (आम्लाच्या उलट, अल्कधर्मी), क्षारट माती सोसतो, पूर्वेकडच्या तालुक्यांत आणि शहरातल्या काळ्या मातीत तो बरा. एडवर्डवर डोळा भरलेली रोपंही मिळतात, ती माझ्या अनुभवात सगळीकडे चालली. विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर रोपाच्या बुडाशी खुंटाची एखादी फूट आली आहे का पाहा. पानाच्या देठाच्या तळाशी कंगव्यासारखी झालर असेल तर तो मल्टिफ्लोरा. 'सात पानं म्हणजे रानटी' ह्या ऐकीव नियमावर विसंबू नका, चांगल्या जातींनाही सात पानं येतात.

मग रोप हातात घेऊन बघा. डोळा भरलेली जागा घट्ट सांधलेली, तिथून निदान दोन-तीन पेन्सिलीएवढ्या जाड काड्या निघालेल्या, काडीच्या टोकाकडून काळपट वाळत आलेलं काही नाही. तसं वाळणं म्हणजे शेंडेमर, आणि ती वरून खाली उतरत झाड घेऊन जाते. पान उलटं करून बघा, मागे लाल कोळ्याची जाळी नको. पिशवीच्या तळातून जाड मूळ जमिनीत गेलं असेल तर ते रोप उपटताना जखमी होणार, दुसरं घ्या. दोन रोपांत एकावर फूल आणि दुसऱ्यावर जास्त काड्या असतील तर काड्यांचं घ्या.

वेळ

परतीचा पाऊस पूर्ण गेल्याशिवाय लावू नका. दसऱ्याला सोनं लुटून झालं की माती तयार करायला घ्या आणि ऑक्टोबरचा चटका उतरला की लावा. साधारण ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरअखेर. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आटोपत येते तोच हा काळ. माती अजून ऊबदार असते, हवा गार होत जाते, पानांतून पाणी कमी उडतं आणि झाडाची ताकद मुळांकडे जाते. मार्चचं ऊन येईपर्यंत मुळांना चार महिने मिळतात. जूनमध्ये लावलेल्या रोपाला हे मिळत नाही. त्याची मुळं चिखलात आणि पानं बुरशीत अडकतात.

नोव्हेंबरमध्येही अवकाळी येऊ शकतो, २०२३ च्या नोव्हेंबरअखेरीची गारपीट निफाडकर विसरलेले नाहीत. नव्या रोपांवर टाकायला शेडनेटचा एक तुकडा आणि चार काठ्या जवळ असू द्या.

माती आणि खड्डा

दोन चाचण्या करा. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसून बुडबुडे आले तर चुनखडी भरपूर आहे. मग दीड फूट खड्डा खणून पाण्याने भरा. काही तासांत जिरलं तर छान. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर खड्ड्यात लावू नका, जमिनीवर फूटभर उंचीचा गादीवाफा करून त्यात लावा. काळ्या मातीत निचऱ्याशिवाय खणलेला खड्डा म्हणजे पुरलेली बादली, मुळं त्यात कुजतात.

खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. आठवडाभर उघडा तापू द्या. भरताना निम्मी खणलेली माती, पाव हिस्सा जुनं, भुसभुशीत झालेलं शेणखत आणि पाव हिस्सा बारीक मुरूम किंवा जाडी वाळू. ताजं शेण अजिबात नको, त्याने मुळं जळतात आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. वर दोन मुठी निंबोळी पेंड आणि एक मूठ सिंगल सुपर फॉस्फेट. हाडांचा चुरा सगळीकडे सुचवला जातो, पण चुनखडीच्या विम्ल मातीत त्यातला स्फुरद सुटत नाही. तिथे सुपर फॉस्फेट उपयोगी.

जागा निवडताना किमान सहा तास ऊन, तेही शक्यतो सकाळचं. पश्चिमेची सिमेंटची भिंत मे महिन्यात भट्टी होते, तिच्यालगत नको. मोठ्या फुलांच्या जातींत अडीच फूट अंतर, झुबक्यांच्या जातींत दोन फूट. दाटी केली की पावसात वारा खेळत नाही, पानं ओली राहतात, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

गच्चीवर, बटन गुलाब सोडून बाकी जातींना, चौदा इंची कुंडी घ्या, त्याहून लहान नको. नुसत्या कोकोपीटवर भिस्त ठेवू नका. उन्हाळ्यात ते एकदा कोरडं पडलं की पाणी कडेने निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो.

लावताना

संध्याकाळी लावा. रोप बहुधा चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात येतं. पिशवी कापून तसंच पुरलं तर मुळं त्या गोळ्यातच फिरत राहतात. वर्षाने मेलेलं झाड उपटलं की तो गोळा जसाच्या तसा हातात येतो, मी हे स्वतः पाहिलं आहे. त्यासाठी गोळा पिशवीसकट बादलीत तासभर भिजवा, मग पिशवी काढून बाहेरची बोटभर माती हलक्या हाताने मोकळी करा. आतला गाभा मोडू नका.

डोळा भरलेली जागा मातीच्या दोन इंच वर राहू द्या. थंड देशांत ती जमिनीत पुरतात, बर्फापासून वाचवायला. आपल्याकडे पुरली तर ती कुजते, वाळवी लागते आणि खुंटाची फूट ओळखता येत नाही. भोवती माती पायाने नको, हाताने दाबा. आळं करा, बादलीभर पाणी सावकाश द्या, माती बसली तर आणखी घाला. आळ्यात उसाचं पाचट किंवा वाळका पालापाचोळा तीन इंच पसरा, फक्त खोडापासून चार बोटं दूर. आठवडाभर दुपारची सावली करा.

पहिले काही महिने

पाणी बोटाने ठरवा. दोन इंच खाली माती कोरडी लागली की द्या. थंडीत जमिनीतल्या रोपाला तीन-चार दिवसांनी पुरतं. पाणी बुडाशी द्या, पानांवर नळी सोडू नका. बोअरचं पाणी क्षारट असेल तर कुंडीत पांढरा थर जमतो. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा.

पहिल्या कळ्या खुडायच्या. फार जिवावर येतं, पण सहा-आठ आठवडे खुडाच. त्या वेळात झाड मुळं करतं. संक्रांतीच्या सुमारास आलेल्या कळ्या फुलू द्या. फूल काढताना देठ आखूड ठेवा आणि पाच पानांच्या पहिल्या जोडाच्या वर कापा. खुंटाची फूट दिसली तर माती बाजूला करून तिच्या उगमापासून ओढून काढा. वरून कापली तर दुप्पट येते.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या झाल्या तर लोह द्या. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, त्यातलं ईडीडीएचए प्रकारचं मागा. ईडीटीए प्रकारचं चुनखडीच्या मातीत टिकत नाही.

भुरीला पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, सकाळी लवकर. ऊन तापल्यावर किंवा उन्हाळ्यात गंधक मारू नका, पानं करपतात. निमतेल मारलं असेल तर गंधकाआधी दोन आठवडे जाऊ द्या. काळ्या ठिपक्यांची पडलेली पानं रोज वेचून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. लाल कोळ्याला पानांच्या मागून जोरात पाण्याची फवारणी, सकाळी, म्हणजे ऊन चढेपर्यंत पान सुकतं. आणि ज्या झाडाच्या पाकळ्या गुलकंदाला किंवा खाण्यात जाणार आहेत, त्यावर कुठलंही रासायनिक औषध मारायचं नाही.

एप्रिल-मेत खत देऊ नका, छाटू नका, फक्त आच्छादन जाड करा आणि पाणी चुकवू नका. कुंड्या असतील तर दुपारी सावलीत सरकवा. फुलं लहान येतील, रंग फिके येतील, ते तसंच असतं.

पहिला पावसाळा पार पडला की ऑक्टोबरच्या मध्यात पहिली छाटणी. वाळकी, आत वळलेली, एकमेकींवर घासणारी काडी काढा, उरलेल्या निम्म्या उंचीवर, बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या पाव इंच वर, धारदार कात्रीने. कापलेल्या टोकांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, शेंडेमर तिथूनच शिरते. द्राक्षाच्या हंगामात ही पेस्ट कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत बहर येतो.

त्या छाटणीतल्या गावठीच्या काड्या मात्र टाकू नका. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, चार डोळ्यांची काडी घ्या. दोन डोळे मातीत, दोन वर, सावलीत, माती नुसती ओलसर. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात. सासूबाईंच्या त्या एका झाडाची अशी चौदा झाडं आता आमच्या गल्लीत आहेत.